तक्रारवहीतला इतिहास : कोडॅकपासून स्पॅमपर्यंत

‘रिळाच्या कॅमेऱ्याची मजाच वेगळी होती. मोजून छत्तीस फोटो मिळायचे, म्हणून माणूस विचार करून कळ दाबायचा.’ जुना अल्बम उघडला की हे वाक्य घरात कोणीतरी म्हणतेच. ज्यांच्या घरी आग्फा क्लिक थ्री होता, ते तर ‘आम्हाला एका रोलमध्ये बाराच मिळायचे’ असे सांगून संयमाची पट्टी आणखी वर नेतात. हल्ली विशीतली मुलेही जुन्या बाजारातून रिळाचे कॅमेरे शोधून आणतात आणि हेच वाक्य म्हणतात. रीळ म्हणजे धीर, विचार, प्रामाणिकपणा. मोबाइल म्हणजे उधळपट्टी.

गंमत अशी, की रिळाचा कॅमेरा बाजारात नवा होता तेव्हा लोकांचे त्याच्याविषयीचे मत याच्या अगदी उलटे होते. अविचाराने कळ दाबणाऱ्यांच्या हातात पडलेले यंत्र म्हणजे रिळाचा कॅमेरा. तो बाळगणाऱ्याकडे लोक संशयाने पाहत, त्याच्यासाठी इंग्रजीत खास शिवीवजा शब्द होता, आणि काही समुद्रकिनाऱ्यांवर तो वापरायला बंदी होती.

आजचा धागा यंत्रांच्या इतिहासाचा नाही. यंत्रांविषयी साध्या माणसांनी केलेल्या कुरकुरीचा आहे. धागा लांब आहे, सवडीने वाचावा.

इतिहासाचे विद्यार्थी म्हणून आपल्याला पेटंटे, कंपन्यांचे ताळेबंद आणि संशोधकांची चरित्रे वाचायची सवय असते. वर्तमानपत्राला लिहिलेले चिडखोर पत्र, भिंतीवर लावलेली ‘येथे मनाई आहे’ची पाटी, हरलेला दावा, हे सगळे आपण तळटीपेत ढकलतो. माझे मत असे आहे, की आज ज्याला आपण खासगीपणाचा हक्क म्हणतो त्याचा मोठा भाग या कुरकुरीतून घडला. कुणाची कुरकूर कागदावर उतरली आणि कुणाची उतरली नाही, यावरून तो हक्क आधी कुणाच्या वाट्याला आला हेही बऱ्याच अंशी ठरले.

आधी कॅमेरा.

१८५० ते १८८० या काळात फोटो काढणे हे उघडउघड काम होते. ओल्या कलोडियनची पद्धत रूढ होती. काचेवर रसायनाचा थर द्यायचा, ती ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची, फोटो घ्यायचा आणि थर वाळण्याआधी ती धुवायची. बाहेरगावी जायचे तर काचा, बाटल्या, तिवई आणि अंधारा तंबू असा संसार बरोबर न्यावा लागे. समोरच्या माणसाला काही सेकंद निश्चल बसावे लागे. डोके हलू नये म्हणून मानेमागे लोखंडी आधार लावत. अशा व्यवस्थेत कुणाचा फोटो त्याच्या नकळत काढणे जवळजवळ अशक्यच. संमतीचा कायदा कुठेही नव्हता, पण यंत्राच्या संथपणातच संमती दडलेली होती. ती तिथे आहे हे ती नाहीशी होईपर्यंत कुणाच्या लक्षात आले नाही.

१८७०च्या दशकाअखेर कोरड्या काचा आल्या. तयार मिळणाऱ्या आणि अधिक वेगवान असल्यामुळे त्या वापरणारे हातात धरण्याजोगे कॅमेरे निघाले. १८८०च्या दशकात त्यांना ‘डिटेक्टिव्ह कॅमेरा’ म्हणत. १८८६ सालचा स्टर्न कंपनीचा एक कॅमेरा तर चपट्या तबकडीसारखा होता. तो जाकिटाच्या आत घालायचा आणि भिंग बटणाच्या काजातून बाहेर काढायचे. गुप्तपणा हीच ज्या वस्तूची जाहिरात, तिच्याविषयी समाजाचे मत काय झाले असेल ते सांगायला नको.

१८८८च्या सप्टेंबरात जॉर्ज ईस्टमनने ‘कोडॅक’ बाजारात आणला. ईस्टमन हा न्यू यॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरातल्या बँकेतला एकेकाळचा कारकून. (रॉचेस्टर हे नाव लक्षात ठेवा, धाग्यात पुन्हा येणार आहे.) त्याच्या पेटीवजा कॅमेऱ्यात १०० फोटोंचे रीळ आधीच भरलेले असे. किंमत २५ डॉलर, म्हणजे कामगाराची काही आठवड्यांची मजुरी. दोरी ओढायची, कळ दाबायची, किल्ली फिरवून रीळ पुढे सरकवायचे. शंभर फोटो झाले की अख्खा कॅमेराच १० डॉलरसह रॉचेस्टरला पाठवायचा. तिथून गोल आकाराचे फोटो आणि नवे रीळ भरलेला कॅमेरा परत येई. ‘तुम्ही कळ दाबा, बाकीचे आम्ही पाहू’ अशा अर्थाची ईस्टमनची जाहिरात जगप्रसिद्ध आहे. १९००च्या फेब्रुवारीत एका डॉलरचा ‘ब्राउनी’ आला आणि ही कळ शाळकरी मुलांच्याही बोटाखाली गेली.

या यंत्राविषयीची मते दोन प्रकारची होती, आणि त्यांचा गोंधळ करू नये. पहिली मुरलेल्या छायाचित्रकारांची. त्यांना हे नवे लोक ‘नुसते कळदाबे’ वाटत. रसायने कशाशी खातात हे ज्यांना ठाऊक नाही, त्यांनी फोटो काढणे म्हणजे त्यांच्या मते कलेचा अपमान. आजच्या ‘मोबाइलवाल्यांना फोटोतले काय कळते’ या वाक्याचा हा पणजोबा. मला ही मते फारशी रोचक वाटत नाहीत; प्रत्येक व्यवसायात नवखे शिरले की जुने असेच बोलतात.

दुसऱ्या प्रकारची मते कॅमेऱ्याच्या समोरच्या बाजूला असलेल्यांची. कोडॅक घेऊन हिंडणाऱ्याला ते ‘कोडॅक फीन्ड’ म्हणू लागले. फीन्ड म्हणजे पिशाच्च, सैतान, किंवा एखाद्या गोष्टीने झपाटलेला माणूस. समुद्रस्नानाला आलेल्या स्त्रिया ओल्या कपड्यांत पाण्याबाहेर येताना, बाकावर बसलेली जोडपी, घसरून पडलेला एखादा प्रतिष्ठित गृहस्थ, हे सारे आता कोणाच्या तरी पेटीत जाऊ शकत होते. काही किनाऱ्यांवर कोडॅकबंदीच्या पाट्या लागल्या त्या याच काळात. पाटीचा अर्थ असा, की यंत्रातली संमती गेली म्हणून आता ती फळ्यावर लिहून मागावी लागत होती.

या रागाला कायद्याची भाषा दिली बॉस्टनच्या दोन वकिलांनी. सॅम्युएल वॉरन आणि लुई ब्रँडाइस यांचा ‘खासगीपणाचा हक्क’ हा लेख १५ डिसेंबर १८९०च्या ‘हार्वर्ड लॉ रिव्ह्यू’मध्ये प्रसिद्ध झाला. क्षणचित्रे टिपणारे कॅमेरे आणि घराघरांत डोकावणारी वृत्तपत्रे यांचा त्यात स्पष्ट उल्लेख आहे. माणसाला एकटे सोडले जाण्याचा हक्क, ही न्यायमूर्ती कूली यांच्याकडून घेतलेली कल्पना त्यांनी लेखाच्या केंद्रस्थानी ठेवली.

इथे एक दंतकथा बाजूला करून टाकू. वॉरनच्या मुलीच्या लग्नात पत्रकारांनी धुडगूस घातला, म्हणून चिडून त्याने हा लेख लिहिला, असे अनेक ठिकाणी वाचायला मिळते. १९६०मध्ये विल्यम प्रॉसर या मोठ्या कायदेपंडिताने ते लिहिले आणि मग ते पुढे चालत राहिले. वॉरनचे स्वतःचे लग्न १८८३मध्ये झाले. १८९०मध्ये त्याची मुलगी फार तर सहा-सात वर्षांची असणार. आकडे जुळतात का हे पाहायला एक मिनिट लागते. तेवढे मिनिट द्यायची सवय लावून घ्यावी. लेखामागे वॉरन कुटुंबाच्या सामाजिक जीवनावर वृत्तपत्रांनी लिहिलेले काहीबाही असू शकेल, पण लग्नमंडप नव्हता हे नक्की.

लेख गाजला, पण लेखाने कायदा होत नाही. त्यासाठी रॉचेस्टरमधली एक मुलगी यावी लागली.

अ‍ॅबिगेल रॉबर्सन. ईस्टमनच्याच गावची, वयाने अजून अज्ञान. १९००च्या सुमारास तिला कळले, की आपला चेहरा पिठाच्या जाहिरातीवर आहे. ‘फ्रँकलिन मिल्स’च्या पिठाची ही जाहिरात ‘रॉचेस्टर फोल्डिंग बॉक्स कंपनी’ने छापली होती आणि तिच्या सुमारे २५,००० प्रती दुकानांत, गोदामांत, दारूच्या गुत्त्यांत लागल्या होत्या. तिला कोणी विचारलेले नव्हते. चित्र बाजूने काढलेल्या तिच्या फोटोवरून घेतलेले, आणि दिसायला सुंदर होते. ओळखीचे लोक ते पाहून तिच्याविषयी बोलू लागले. धक्क्याने ती आजारी पडली, डॉक्टरांना बोलवावे लागले, असे तिच्या दाव्यात म्हटले आहे. तिने १५,००० डॉलर नुकसानभरपाई आणि जाहिरात थांबवण्याचा हुकूम मागितला.

खालच्या न्यायालयांत ती जिंकली. १९०२मध्ये न्यू यॉर्कच्या सर्वोच्च न्यायपीठापुढे, ‘कोर्ट ऑफ अपील्स’पुढे, चार विरुद्ध तीन मतांनी हरली. बहुमताचा निकाल मुख्य न्यायाधीश आल्टन पार्कर यांनी लिहिला. त्यांचे म्हणणे साधारण असे : असा हक्क कायद्याच्या जुन्या पुस्तकांत कुठेही नाही. तो मान्य केला तर दाव्यांचा पूर येईल. हवा असेल तर विधिमंडळाने करावा. शिवाय चित्रात तिची बदनामी काहीच नाही. दुसऱ्या एखाद्या मुलीला हा आपल्या सौंदर्याचा गौरव वाटला असता.

शेवटचे वाक्य लोकांना झोंबले. वृत्तपत्रांनी इतकी झोड उठवली, की बहुमतातल्या एका न्यायाधीशाने कायद्याच्या नियतकालिकात लेख लिहून निकालाचे समर्थन केले. न्यायाधीशाने असे करणे तेव्हाही दुर्मीळच होते. पुढच्याच वर्षी, १९०३मध्ये, न्यू यॉर्कच्या विधिमंडळाने कायदा केला. जिवंत व्यक्तीचे नाव किंवा चित्र तिच्या लेखी संमतीवाचून जाहिरातीसाठी वा व्यापारासाठी वापरणे हा गुन्हा ठरला, आणि तिला दाव्याचा हक्कही मिळाला. थोड्याफार दुरुस्त्यांसह त्याची कलमे आजही लागू आहेत. हरलेली मुलगी कायदा करून गेली.

गोष्ट इथे संपली असती तरी चालले असते, पण इतिहासाला कधीकधी नाटककाराची बुद्धी सुचते. १९०४मध्ये हेच पार्कर डेमोक्रॅटिक पक्षाचे राष्ट्राध्यक्षपदाचे उमेदवार झाले. हडसन नदीकाठच्या त्यांच्या घराभोवती छायाचित्रकार जमले. आंघोळीला जा, पोहायला जा, अंगणात बसा, कॅमेरा समोर हजर. वैतागून त्यांनी जाहीर केले, की मला माझ्या खिशात हात घालून, हव्या त्या अवस्थेत बसायचा हक्क आहे आणि कोणी आपला फोटो टिपेल या धास्तीत मी राहणार नाही. त्यावर अ‍ॅबिगेल रॉबर्सनने त्यांना जाहीर पत्र लिहिले आणि ते ‘न्यू यॉर्क टाइम्स’ने छापले. असा हक्क अस्तित्वात नाही, हे आपणच मला सांगितले होते, अशी आठवण तिने त्यांना करून दिली. निवडणूक पार्कर थिओडोर रूझवेल्ट यांच्याकडून हरले. ते पत्राने हरले असे मी म्हणत नाही.

आता थोडे थांबून दुसऱ्या बाजूला पाहू. रॉबर्सनकडे वकील होता, वृत्तपत्रे होती, पत्र लिहिण्याइतके शिक्षण होते. ज्यांच्याकडे यातले काहीच नव्हते, त्यांच्या चेहऱ्यांचे काय झाले?

यासाठी मुंबईत यावे लागते. कॅमेरा आपल्याकडे फार लवकर पोचला. ‘फोटोग्राफिक सोसायटी ऑफ बॉम्बे’ची स्थापना १८५४ची आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांचे बंधू डॉ. नारायण दाजी त्या काळच्या नामवंत छायाचित्रकारांपैकी एक. त्यामुळे ‘कॅमेऱ्यामागे सगळे गोरे आणि समोर सगळे काळे’ असे सरसकट चित्र रंगवू नये. पण समोरच्यांची नावे कोणी लिहीत नव्हते, हे खरेच. विल्यम जॉन्सनने मुंबईतल्या जातीजमातींच्या फोटोंचे दोन खंड १८६३ आणि १८६६मध्ये प्रसिद्ध केले. त्यातल्या कित्येक चित्रांत माणसे एकीकडे टिपलेली आणि पार्श्वभूमी दुसरीकडची आहे. दोन्हींचे जोडकाम करून छापलेले. माणूस कोण याला महत्त्व नव्हते, तो कोणत्या जातीचा ‘नमुना’ याला होते. पुढे सरकारी आश्रयाने ‘द पीपल ऑफ इंडिया’ हा प्रचंड ग्रंथ १८६८ ते १८७५ या काळात आठ खंडांत निघाला. त्यात ४६८ फोटो आहेत.

त्या ४६८ फोटोंतल्या माणसांना आपल्या फोटोविषयी काय वाटले, हे सांगणारे कागद त्यांनी ठेवले नाहीत. ठेवण्याची सोय नव्हती. मात्र ग्रंथ पाहणाऱ्या एका भारतीयाची प्रतिक्रिया आपल्याकडे आहे. सर सय्यद अहमद खान १८६९मध्ये लंडनला गेले असता त्यांनी इंडिया ऑफिसमध्ये तो पाहिला आणि ते अस्वस्थ झाले. तिथे ग्रंथ चाळणाऱ्या एका इंग्रज तरुणाने त्यांच्या मुलाला, सय्यद महमूदला, तू हिंदुस्थानी का, असे विचारले. तो हो म्हणाला, पण त्याचा चेहरा लाल झाला, आणि आपण इथल्या मूळ रहिवाशांपैकी नाही, आपले पूर्वज बाहेरून आलेले, असा खुलासा त्याने घाईने केला. सर सय्यदांनी हे स्वतःच मायदेशी लिहून कळवले.

हा उतारा मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तो दुहेरी आहे. फोटोतून आपल्याला ‘नमुना’ केले गेले, याची लाज आणि चीड त्यात आहे. पण तक्रार करणारा फोटोतल्या माणसांच्या वतीने बोलत नाही. ‘मी त्यांच्यातला नाही’ एवढेच सांगतो. फोटोतली माणसे गप्पच राहतात.

‘फोटो काढला की आयुष्य कमी होते’ ही समजूत आपल्याकडे कितीतरी घरांत आजी-पणजीच्या नावावर हसत सांगितली जाते. तिच्यावर अंधश्रद्धेचा शिक्का मारून आपण पुढे जातो. पण तिला कोडॅकबंदीच्या पाटीशेजारी ठेवून पाहा. चेहरा दुसऱ्याच्या हाती गेला की आपले काहीतरी कायमचे गेले, हे दोन्हींचे म्हणणे आहे. बॉस्टनच्या वकिलांनी ते कायद्याच्या भाषेत मांडले म्हणून तो सिद्धान्त झाला, आणि पणजीने आपल्या भाषेत मांडले म्हणून तो विनोद झाला.

कॅमेऱ्याविरुद्धची तक्रार ‘माझ्याकडून काही नेले’ अशी होती. तिची एक जुळी बहीण आहे : ‘माझ्या दारात नको ते आणून टाकले.’ धाग्याचा उरलेला भाग तिच्याविषयी.

१८६४चा मे महिना, लंडन. संध्याकाळी उशिरा काही प्रतिष्ठितांच्या, त्यात संसदेचे आजी-माजी सदस्यही होते, घरी तारवाला आला. तार म्हणजे काय, हे मराठी वाचकाला समजावून सांगायला नको. आपल्याकडे तर ‘तार आली’ म्हटले की मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. लंडनकरांनी धडधडत्या छातीने पाकीट फोडले. आत गॅब्रिएल नावाच्या दंतवैद्यांची जाहिरात होती : आमचा दवाखाना ऑक्टोबरपर्यंत दहा ते पाच उघडा राहील. एका गृहस्थाने संतापून ‘टाइम्स’ला पत्र लिहिले. ज्यांच्याशी आपला काडीचा संबंध नाही, त्यांनी कोणत्या अधिकाराने आपली संध्याकाळ मोडावी, असा त्याचा प्रश्न होता. ‘टाइम्स’ने पत्र छापले, आणि दंतवैद्यांची जाहिरात फुकटात साऱ्या देशात पोचली.

यानंतर थेट ११४ वर्षे ओलांडू, कारण पुढचे पाऊल त्याच जातीचे आहे.

३ मे १९७८. अमेरिकेच्या संरक्षण खात्याच्या पैशावर चालणाऱ्या ‘अर्पानेट’ या संगणकजाळ्यावर तेव्हा विद्यापीठे, संशोधनसंस्था आणि लष्करी कार्यालये होती. ‘डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन’ या संगणक कंपनीच्या विक्री विभागातला गॅरी थुर्क याने पश्चिम किनाऱ्यावरच्या सुमारे ४०० जणांना एकच ईमेल पाठवले : आमचे नवे संगणक पाहायला लॉस एंजेलिस आणि सॅन मटेओ येथे या. पत्ते छापील निर्देशिकेतून हाताने टंकलेले होते. इतके पत्ते मावतील अशी जागाच त्या ईमेलप्रणालीत नव्हती; त्यामुळे उरलेले पत्ते सांडून पत्राच्या मजकुरात आले. लोकांना आधी पानभर अनोळखी पत्ते दिसले आणि मग जाहिरात.

संतापाची पत्रे सुरू झाली. जाळे फक्त सरकारी कामासाठी आहे, हा नियमाचा सरळसरळ भंग आहे, अशी तंबी लष्करी अधिकाऱ्याने दिली. पण खरी मौज चर्चेत आहे. एमआयटीत काम करणारा रिचर्ड स्टॉलमन, पुढे मुक्त सॉफ्टवेअरच्या चळवळीचा जनक झालेला, तेव्हा २५ वर्षांचा होता. त्याने ती जाहिरात पाहिलेलीच नव्हती. पाहिल्याशिवाय त्याने मत दिले, की यात एवढे बिघडले काय? जाळ्यावर उद्या कोणी वधूवर सूचक मंडळासारखी सेवा काढली तर तीही बंद पाडणार का? मग कोणीतरी त्याला मूळ ईमेल पाठवले. त्यावर त्याने कळवले, की एवढी लांबलचक पत्त्यांची यादी डोक्यावर असलेला निरोप पाठवायला कोणालाच परवानगी असू नये, मग मजकूर काही का असेना. तत्त्व बदलले नाही, पण स्वतःच्या पडद्यावर यादी उतरताच सूर बदलला. तंत्रज्ञानाविषयीची आपली मते बहुतेकदा अशीच बनतात.

या प्रकाराला तेव्हा ‘स्पॅम’ हे नाव नव्हते. स्पॅम हे हॉर्मेल कंपनीच्या डबाबंद मांसाचे १९३७पासूनचे नाव. १९७०मध्ये ‘माँटी पायथन’ या ब्रिटिश विनोदी मंडळींनी एक प्रहसन केले. त्यातल्या खानावळीत प्रत्येक पदार्थात स्पॅम असतो, आणि तो शब्द इतक्या वेळा कानावर आदळतो की बाकीचे बोलणे ऐकूच येत नाही. संगणकावरच्या गप्पांत आणि खेळांत कोणी एकच मजकूर पुन्हा पुन्हा ओतू लागला, तर त्याला लोक हा शब्द वापरू लागले. तक्रारदारांनी शोधलेला शब्द कंपनीच्या व्यापारचिन्हावर कायमचा बसला. कंपनीला अखेर त्याच्याशी जुळवून घ्यावे लागले.

१२ एप्रिल १९९४ला लॉरेन्स कँटर आणि मार्था सीगल या अ‍ॅरिझोनातल्या वकील दांपत्याने ‘युजनेट’वरच्या हजारो चर्चागटांत एकच जाहिरात टाकली : ग्रीन कार्डच्या सोडतीसाठी आम्ही मदत करू. सोडतीत भाग घ्यायला खरे तर साधा अर्ज पाठवणे पुरेसे होते. जाहिरात प्रत्येक गटात सुटी टाकल्यामुळे वाचक जाईल तिथे ती पुन्हा समोर येई. संगीताचा गट असो की गणिताचा. चिडलेल्या वाचकांनी इतकी निषेधपत्रे पाठवली, की त्या दांपत्याला जोडणी देणाऱ्या कंपनीचे संगणक कोलमडले. दोघांना पश्चात्ताप झाला नाही. जाळ्यावर जाहिरात कशी करावी याचे त्यांनी पुस्तकच लिहिले.

या भांडणात एक नवा मुद्दा आला होता, आणि तो कोडॅकच्या काळात नव्हता. टपालाने जाहिरात पाठवणारा स्वतः तिकीट लावतो. इथे खर्च घेणाऱ्याच्या माथी होता. अमेरिकेत १९९१मध्येच न मागितलेल्या फॅक्स-जाहिरातींवर कायद्याने बंदी आली होती, कारण कागद आणि शाई फॅक्स घेणाऱ्याची जात होती. ईमेलचेही तेच. भारतात १५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केले, तेव्हा तासांच्या हिशेबाने पैसे मोजावे लागत आणि वर टेलिफोनचे बिल निराळे. टपालपेटीत दहा निरोप उतरवून घेतल्यावर त्यातले सात कुणाच्या तरी जाहिराती निघणे, म्हणजे दुसऱ्याच्या दवंडीसाठी आपण डफ विकत घेऊन देणे.

अमेरिकेचा स्पॅमविरोधी कायदा १६ डिसेंबर २००३ला झाला. त्याने स्पॅमवर बंदी घातली नाही. पाठवणाऱ्याने खोटे नाव-विषय देऊ नये आणि ‘मला नको’ म्हणण्याची सोय ठेवावी, एवढीच अट घातली. टीकाकारांनी त्याची थट्टा ‘खुशाल पाठवा कायदा’ अशी केली. प्रत्यक्षात लोकांच्या पेट्या वाचवल्या त्या चाळण्यांनी. पॉल ग्रॅहम याने २००२मध्ये मांडलेली कल्पना अशी, की कोणता शब्द स्पॅममध्ये किती वेळा येतो आणि खऱ्या पत्रांत किती वेळा, याची शक्यता मोजून यंत्रानेच निवड करावी. ती मोजायची तर हा स्पॅम, हा नव्हे, असे आधी कोणीतरी सांगावे लागते. पुढे ते काम ‘हे स्पॅम आहे’ या कळीवर तुम्ही-आम्ही दाबलेल्या बोटांनी केले. तक्रारीचे असे थेट यंत्राच्या पुर्ज्यात रूपांतर याआधी झालेले मला आठवत नाही.

आपल्याकडचा प्रवास फोनवरून झाला. कर्ज घ्या, प्लॉट घ्या, क्रेडिट कार्ड घ्या, अशा फोनांनी लोक इतके पिडले गेले, की २००७मध्ये ‘फोन करू नये’ अशा क्रमांकांची राष्ट्रीय नोंदवही सुरू झाली. पुढे १९०९ हा क्रमांक आला. २७ सप्टेंबर २०११पासून दूरसंचार नियामकाने एका सिमकार्डावरून दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली. तुमच्यातल्या काहींना ते दिवस आठवत असतील. दिवाळी तोंडावर होती, आणि जाहिरातदारांसाठी लावलेले जाळे शुभेच्छा पाठवणाऱ्या कॉलेजच्या पोरांच्या पायात अडकले. तक्रारी झाल्या आणि काही आठवड्यांतच मर्यादा २०० झाली. एका तक्रारीवरचा उपाय दुसऱ्या तक्रारीचे कारण झाला, याचे इतके आटोपशीर उदाहरण क्वचित मिळते.

२४ ऑगस्ट २०१७ला भारताच्या सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात एकमताने सांगितले, की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. निकालपत्रात वॉरन आणि ब्रँडाइस यांच्या १८९०च्या लेखाची चर्चा आहे. म्हणजे बॉस्टनमध्ये कोडॅकवाल्यांवर आणि बातमीदारांवर काढलेला राग १२७ वर्षांनी दिल्लीत उद्धृत झाला. खटल्याच्या मुळाशी आधारची नोंदणी होती : चेहऱ्याचा फोटो, दहा बोटांचे ठसे, दोन्ही डोळ्यांची बुबुळे. रेशनच्या रांगेत उभे राहून ठसे देणाऱ्या, आणि ठसे न उमटल्यामुळे परत पाठवल्या गेलेल्या माणसांचे म्हणणे या वेळी निदान काही प्रमाणात बातम्यांत, अहवालांत, याचिकांत नोंदले गेले आहे. ‘द पीपल ऑफ इंडिया’च्या अभ्यासकाला जे मिळाले नाही, ते आपल्या काळाच्या अभ्यासकाला मिळेल. त्याने ते शोधायला हवे.

रिळाविषयी एवढेच, की ‘तेव्हा माणूस विचार करून कळ दाबायचा’ हे मत मी खोटे म्हणत नाही. १९८०च्या दशकातल्या मध्यमवर्गीय घरात रोल महाग होता, धुवायला टाकायचे वेगळे पैसे पडत, म्हणून विचार व्हायचा. तो खर्चाचा विचार होता. समोरच्याला विचारून फोटो काढला का, हा वेगळा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर अल्बममधल्या चेहऱ्यांकडे पाहूनच शोधावे लागेल. कितीतरी फोटोंत एखादी काकू पदराने तोंड झाकताना किंवा हात पुढे करून ‘नको’ म्हणताना टिपलेली असते. आपण तो फोटो ‘किती नैसर्गिक आलाय’ म्हणून जपून ठेवलेला असतो.

तुमच्या घरच्या अल्बमात असा ‘नको’ म्हणणारा फोटो असेल, तर साल, गाव आणि कॅमेरा कोणता होता एवढे खाली प्रतिसादात लिहा. फोटो मात्र टाकू नका. ज्यांचा आहे त्यांना आधी विचारा. पुढचा धागा एसटीडी-पीसीओच्या काचेच्या खोक्यावर : आत बोलणाऱ्याचा आवाज रांगेतल्या सगळ्यांना ऐकू येत असताना लोक काय आणि कसे बोलत.